पिल्लाचे दांत आणि घरांतील मुलें

गेल्या गुढीपाडव्यास आमच्या चार वर्षांच्या नातीच्या हातास घरच्याच पिल्लानें चावा घेतला. जखम लहान होती व ती आतां भरूनहि आली आहे. परंतु त्या एका क्षणामागें चार महिन्यांची जी हकीकत आहे ती वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें. लहान मुलें व कुत्र्याचें पिल्लूं एकाच वेळीं वाढत आहेत अशीं घरें पुष्कळ आहेत, आणि तेथें ही चूक पुन्हां होऊं नये एवढीच इच्छा. चुकींतील सर्वांत मोठा वांटा माझा होता, हें आरंभींच सांगून टाकितों. पस्तीस वर्षें शाळांतून मुलांस शिकविल्यावर शिस्त म्हणजे काय तें आपणांस कळतें, अशी माझी समजूत होती.

आमचें घर वाशीमच्या जुन्या वस्तींत आहे. दोघां भावांचा संसार अद्याप एकाच स्वयंपाकघरावर चालतो. मोठीं माणसें आठ व मुलें पांच. गांवाबाहेर थोडी शेती आहे. पीक भरूं लागलें कीं रोही व रानडुकरें रात्रीं शेतांत शिरतात, म्हणून आमच्या सालदारानें तेथें कुत्रीं पाळलीं आहेत. त्यांपैकीं एक कुत्री कार्तिकांत व्याली, आणि मार्गशीर्षांत थोरल्या नातवानें तिचें एक पिल्लूं सदर्‍याच्या आंत घालून घरीं आणलें. तें जेमतेम पांच आठवड्यांचें होतें. "अजून आईला पितें, महिनाभरानें न्या," असें सालदार म्हणाला होता. परंतु बारा वर्षांच्या मुलास महिनाभर म्हणजे एक युग. मीं मोठ्या हौसेनें त्याचें नांव 'सारमेय' असें ठेविलें. संध्याकाळपर्यंत मुलांनीं त्याचा 'सारू' केला.

वहिनींच्या सोवळ्याचा प्रश्न निघाला, तो स्वयंपाकघराच्या उंबर्‍यापाशीं मिटला: पिल्लूं उंबरा ओलांडणार नाहीं, इतकेंच ठरलें. जेवणापूर्वीं काकबळीबरोबर कुत्र्याचाहि घांस बाजूला काढण्याची रीत आमच्याकडे वडिलांपासून चालत आली आहे. इतकीं वर्षें तो घांस गल्लींतील कोणत्याहि कुत्र्यास जाई. आतां त्यास हक्काचा धनी मिळाला.

पौष सरतां सरतां पिल्लूं दुडदुडूं लागलें, आणि त्याबरोबर तक्रारींस आरंभ झाला. मुलें अंगणांत पळालीं कीं तें त्यांच्या टाचा धरी. नातीचा परकर, सुनांच्या साड्यांचे पदर, माझ्या धोतराचा सोगा, यांपैकीं एकहि वस्तु त्याच्या दांतांतून सुटली नाहीं. मुलें किंचाळत, हात उंच धरून पळत. तीं जितकीं किंचाळत तितकें तें अधिक उड्या मारी. धाकट्या चिरंजिवांचें मत पडलें कीं हें पिल्लूं मुळांतच दुष्ट आहे.

दुष्टपणाचा येथें कांहींएक संबंध नव्हता. पिल्लास तिसर्‍या आठवड्यापासून दुधाचे दांत येऊं लागतात. ते २८ असतात, आणि सुईसारखे तीक्ष्ण असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागीं ४२ कायमचे दांत येतात. या काळांत त्याच्या हिरड्या सारख्या शिवशिवत असतात. शिवाय पिल्लास हात नाहींत. तें जग चांचपतें तें तोंडानेंच. परंतु दांत किती जोरानें लावावा, ही विद्या त्यास उपजत नसते. ती भावंडांच्या दंगामस्तींत मिळते. एकानें जोरानें चावलें कीं दुसरें केकाटतें व खेळ सोडून निघून जातें. आईलाहि दांत लागला कीं ती उठून चालूं लागते. खेळ मोडतो, दूध तुटतें, आणि हळूहळू जबडा आवरावा हें पिल्लास समजतें. हें शिक्षण बहुतांशीं पहिल्या आठ आठवड्यांत होतें. आमच्या सारूचें नांव आम्हीं पांचव्याच आठवड्यांत शाळेंतून काढून आणिलें होतें, आणि वर त्यानें परीक्षा उत्तीर्ण व्हावें अशी आमची अपेक्षा होती.

याला एकत्र कुटुंबाची स्वतंत्र भर पडली. थोरला नातू त्याच्याशीं हाताचा पंजा पुढें करून कुस्ती खेळे. म्हणजे सकाळीं हात चावणें हा खेळ, व दुपारीं तोच हात नातीचा असला कीं गुन्हा. आमच्या सौभाग्यवती ताटांतला तुकडा त्यास टाकीत. त्यामुळें पानावर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगावर उडी मारणें हें त्यास न्याय्य वाटूं लागलें. धाकटे चिरंजीव त्यास दिवसभर खांबास बांधून ठेवा म्हणत, व बांधून ठेवलें कीं सुटल्यावर तें दुप्पट उधळे. सूनबाई त्यास रागें भरत, आणि त्याच वेळीं वहिनी "लेंकरूं आहे हो" म्हणून कुरवाळीत. आठ वडील माणसांचे आठ कायदे होते. शाळेंत असें चाललें असतें तर मीं एका आठवड्यांत सर्व शिक्षकांची सभा बोलाविली असती. घरांत तें सुचलें नाहीं.

माझा स्वतःचा कायदा सर्वांत सोपा होता. माघांत सारू ताटलीवर खात असतां मुलें जवळ आलीं कीं गुरगुरूं लागला. घरच्या मुलांवर गुरगुरणें हा मला उर्मटपणा वाटला. मीं वेताची एक बारीक छडी दाराआड ठेविली, आणि प्रत्येक गुरगुरीस नाकाडावर एक फटका असा नियम केला. आठ दिवसांत गुरगुर बंद झाली. शेजारच्या मंडळींस मीं हें अभिमानानें सांगितलें, आणि त्यांपैकीं दोघांनीं आपल्या कुत्र्यांवर तोच प्रयोग करण्याचें ठरविलें. पुढें त्यांस मला स्वतः जाऊन परावृत्त करावें लागलें.

पाडव्याच्या दिवशीं पुरणपोळीचा बेत होता. मागच्या पडवींत सारूस त्याची पोळी वाढलेली होती. घर पाहुण्यांनीं भरलेलें. कोणाचें कोणाकडे लक्ष नाहीं. नात नवा परकर-पोलका घालून आली, आणि पिल्लालाहि आपला आनंद कळावा म्हणून खालीं वांकून तिनें त्याच्या गळ्यांत हात घातले. आंतील मंडळींस ऐकूं आली ती तिची किंकाळी. त्यापूर्वीं पिल्लाचा एक शब्दहि कोणीं ऐकिला नव्हता.

उजव्या मनगटाजवळ दोन दांतांच्या खुणा होत्या व रक्त येत होतें. वहिनी हळदीचा डबा घेऊन धांवल्या. सूनबाईंनीं त्यांस थांबविलें, मुलीस उचलून नळाखालीं नेलें, आणि साबण लावून पाण्याच्या धारेखालीं पंधरा मिनिटें ती जखम धुतली. मुलगी रडत होती, वहिनी "अग पुरे" म्हणत होत्या, परंतु सूनबाईंनीं घड्याळाकडे पाहून हात सोडला. त्या दिवशीं घरांत योग्य तें एकच काम झालें, व तें त्यांनीं केलें. चाव्यावर हळद, तिखट, चुना, तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. रेबीजचा विषाणु जखमेंत असलाच तर साबण व वाहतें पाणी हा त्यावरील पहिला उपाय होय, आणि तो दवाखान्यांत पोहोंचण्यापूर्वीं घरींच करावयाचा असतो. मग मात्र विलंब न लावतां दवाखाना गांठावा.

सरकारी रुग्णालयांत नातीस त्याच दिवशीं लस टोंचली. रक्त आलें होतें म्हणून जखमेभोंवतीं प्रतिद्रव्याचेंहि इंजेक्शन दिलें. लसीच्या पुढील फेर्‍या तिसर्‍या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं होत्या. सारूस तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस दिलेली होती; तरीहि दहा दिवस त्यावर नजर ठेवा, खाणेंपिणें व वागणूक पाहा, असें डॉक्टरांनीं बजाविलें. आमच्या लहानपणीं पोटांत चौदा इंजेक्शनें घ्यावीं लागत, आणि त्या भीतीनें पुष्कळ मुलें चावा घरीं सांगतच नसत. पाश्चर यांनीं १८८५ च्या ६ जुलैस जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस दिली. पुढें आपल्या देशांत १९०० मध्यें कसौलीस व १९०७ मध्यें कुन्नूरास पाश्चर संस्था निघाल्या. आज रेबीजची लस जिल्ह्याच्या गांवीं विनामूल्य मिळते. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी वाचणें जवळजवळ अशक्य, हें मात्र अद्याप बदललेलें नाहीं. म्हणून चावा लहान आहे, पिल्लूं घरचें आहे, या सबबींवर कोणीं स्वस्थ बसूं नये. आणि मुलानें चावा सांगितला तर आधीं त्यास रागावूं नये, कारण रागावलेलें मूल पुढच्या वेळीं सांगत नाहीं.

चौथ्या दिवशीं मी सारूस घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेलों. डॉक्टर वयानें माझ्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, पिल्लाचें तोंड, कान, पोट तपासलें, व विचारलें, "गुरुजी, हें पूर्वीं कधीं गुरगुरत होतें का?"

मीं सांगितलें कीं होतें, पण ती खोड मीं छडीनें मोडली.

डॉक्टर क्षणभर कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरगुरणें ही खोड नव्हे, गुरुजी. जवळ येऊं नका, मला भीति वाटते, असें तें तुम्हांस सांगत होतें. तुम्हीं त्याची भीति घालविली नाहीं. नुसतें सांगणें बंद केलें."

घरीं परततांना मनांत जें आलें तें लिहितांना आजहि संकोच वाटतो. महाभारताच्या आदिपर्वांत पौष्यपर्वाच्या आरंभीं सरमेची कथा आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां सरमेचा पुत्र तेथें आला, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजाच्या तिघां भावांनीं त्यास मारिलें. तो रडत आईकडे गेला. तूं कांहीं अपराध केला असशील, असें ती म्हणाली. मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं व तें चाटलेंहि नाहीं, असें त्यानें सांगितलें. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत जाऊन विचारती झाली कीं याला कां मारिलें? कोणीं उत्तर दिलें नाहीं. मग तिनें शाप दिला कीं तुम्हांवर अदृष्ट भय येईल. अदृष्ट, म्हणजे ज्याची चाहूल लागत नाहीं असें. ही कथा मीं शाळेंत कित्येक वर्षें सांगितली. पिल्लाचें नांवहि तिच्यावरूनच ठेविलें. आणि त्याच पिल्लास छडी मारून तेंच अदृष्ट भय मीं आपल्या हातानें आपल्या घरांत आणिलें. घरीं आल्यावर छडी मोडून बंबांत घातली. सौभाग्यवतींनीं कारण विचारलें नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर सर्व वडील मंडळी बसली. धाकट्या चिरंजिवांचें म्हणणें स्पष्ट होतें: उद्यां सकाळीं पिल्लूं शेतावर गेलें पाहिजे. मुलगी त्यांची, त्यामुळें त्यांच्या शब्दास वजन होतें, आणि त्यांचें म्हणणें चुकीचें होतें असें मी आजहि म्हणणार नाहीं. लहान मुलाचें तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतें. मोठ्या माणसास चावा पायास बसतो तर लहानग्यास गालावर वा मानेवर बसूं शकतो. मनगटाऐवजीं डोळा असता तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. शेवटीं सूनबाईच बोलल्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, तीन महिने पाहूं. पण नियम घरांत एकच असेल, आणि तो मोठ्यांनीं आधीं पाळायचा." त्यांचे यजमान गप्प राहिले, म्हणजे त्यांनीं संमति दिली असें आम्हीं समजलों.

पहिला नियम असा, कीं कोणीहि वडील मनुष्य जागेवर असल्यावांचून लहान मूल व पिल्लूं एकत्र राहणार नाहींत. जागेवर म्हणजे डोळ्यांसमोर. आंतून हांक मारणें हें लक्ष नव्हे. पडवीच्या दारास सुतारानें कमरेइतकें उंच फाटक बसवून दिलें. मोठें माणूस कामांत गुंतलें कीं फाटक लागे. खर्च फारसा आला नाहीं, आणि मला वाटतें निम्मा प्रश्न त्या फाटकानेंच सोडविला.

दुसरी गोष्ट झोंपेची, व ही कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. एवढ्या वयाचें पिल्लूं दिवसाचे अठरा-वीस तास झोंपतें. आमच्या घरांत पांच मुलें पाळीपाळीनें शाळेंतून येत व प्रत्येकजण त्यास उठवून खेळवी. संध्याकाळीं सहाच्या सुमारास तें सर्वांत अधिक चावे, त्याचें कारण आतां समजलें. झोंप न मिळालेलें लेंकरूं रडतें, पिल्लूं चावतें. जिन्याखालीं त्याचें पोतें टाकून दिलें, आणि तेथें गेलेल्या पिल्लास कोणींहि हात लावावयाचा नाहीं, हांकहि मारावयाची नाहीं, असें ठरलें.

मग मुलांचें शिक्षण. तें पिल्लाच्या शिक्षणापेक्षां सोपें गेलें. पिल्लूं अंगावर आलें, टाच धरूं लागलें, तर पळावयाचें नाहीं, किंचाळावयाचें नाहीं, हात झटकावयाचे नाहींत. खांब व्हावयाचें: पाय जुळवून, हात छातीशीं घेऊन, नजर दुसरीकडे वळवून स्तब्ध उभें राहावयाचें. पळणारी वस्तु धरण्यांत पिल्लास मौज वाटते. खांब धरण्यांत कसली मौज? मुलांनीं याचा खेळच केला, आणि आठवडाभर घरांत जिकडेतिकडे खांब उभे दिसत. खेळतांना दांत जोरानें लागला तर "आई ग" म्हणून खेळ तेथेंच थांबवावयाचा व अर्धा मिनिट पाठ फिरवावयाची. म्हणजे भावंडांनीं जें शिकवावयाचें राहिलें तें आपण शिकवावयाचें. लगेच त्यास चावण्याजोगी वस्तु द्यावयाची. जुन्या धोतराच्या ओल्या पट्टीस घट्ट गांठी मारून आम्हीं ती देत असूं. गार गाजरहि चालतें. जुना जोडा मात्र देऊं नये, कारण जुना कोणता व नवा कोणता हें पिल्लास समजत नाहीं. थोरल्या नातवाची पंजाची कुस्ती बंद झाली, व ताटांतून तुकडा टाकणें बंद झालें. दुसरें बंद करण्यास अधिक दिवस लागले. कोणामुळें तें सांगत नाहीं.

ताटलीचें काम डॉक्टरांच्या सांगण्यावरून फक्त मोठ्यांनीं केलें. मुलांकडून तें कधींहि करवूं नये. पिल्लूं खात असतां मी तीन-चार हात दुरून जाई व जातांना त्याच्यापुढें उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून थांबल्याशिवाय पुढें निघून जाई. (अंडें घरांत कसें आलें ही निराळी कथा आहे, वहिनींनीं तें मागील दारीं उकडण्याची परवानगी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.) कांहीं दिवसांनीं अंतर एक हातानें कमी करावयाचें. ताटली ओढून घेऊन "बघ, मी धनी" असें दाखविण्याची जी चाल आहे तिनें उलट त्याची शंका खरी ठरते. येणारा मनुष्य घेण्यास येत नाहीं, देण्यास येतो, हें त्यास पटावें लागतें. सारूस तें पटण्यास दीड महिना लागला. त्यानंतर मी दिसलों कीं ताटलींतून मान वर करून तो माझ्या हाताकडे पाही.

गुरगुर नसली तरी कुत्रें बोलत असतें, हेंहि याच काळांत शिकलों. खाणें समोर नसतां ओठ चाटणें, झोंप नसतां जांभई देणें, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असें पाहणें, आणि एकदम अंग ताठ होणें. यांपैकीं शेवटचें सर्वांत महत्त्वाचें. शेपूट हलतें आहे म्हणजे कुत्रें खूष आहे, ही समजूतहि अपुरी आहे. ताठ उभारलेलें व आंखूड झटक्यांनीं हलणारें शेपूट कित्येकदां इशारा देत असतें. गळ्यांत हात घालणें आपल्यांत प्रेमाचें, पण बहुतेक कुत्र्यांस तें पकडल्यासारखें वाटतें. नातीस आम्हीं इतकेंच शिकविलें कीं सारूस हांक मारावयाची, तो आपण होऊन आला तर छातीवर थोपटावयाचें, न आला तर त्याला काम आहे असें समजावयाचें.

हें सर्व पिल्लाविषयीं झालें. वर्षादीड वर्षाचें कुत्रें ताठ होऊन मुलांवर धांवत असेल, चावा खोल बसत असेल, किंवा शांत कुत्रें एकाएकीं बदललें असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां पशुवैद्यास दाखवावें. कित्येकदां कान, दांत किंवा सांधा दुखत असतो, आणि कधीं त्याहून गंभीर कारण असतें. आणि कांहीं घरांत कांहीं कुत्रीं राहूं शकत नाहींत, हेंहि मान्य केलें पाहिजे. मुलास धोका आहे असें दिसत असतां केवळ मायेपोटीं तें ठेवणें यांत दया नाहीं.

तीन महिन्यांची मुदत आषाढांत संपली. त्याच आठवड्यांत एके दुपारीं मी ओसरीवर वाचीत बसलों होतों. सारूस कोणीं तरी ओल्या नारळाची करवंटी दिली होती व ती पायांत धरून तो कुरतडीत होता. नात तिच्या बाहुलीचें भांडें शोधीत त्या बाजूस गेली. इतक्यांत एक हलकी, लांबट गुरगुर ऐकूं आली. पाडव्यानंतर, किंबहुना माघानंतर, ती मीं प्रथमच ऐकिली. मी उठलों, पण तोंवर नात जागच्या जागीं खांब झाली होती. मग ती दोन पावलें मागें सरली, वळली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजोबा, सारू नको म्हणतोय."

धाकटे चिरंजीव दारांत उभे राहून हें पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत. सायंकाळीं त्यांनीं सुतारास निरोप पाठवून फाटकाची सैल झालेली बिजागरी बदलून घेतली.